मंगलवाले जोशी सर

आधीच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधे झालं. मराठी बोलते, वाचते, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. फोनवर तर मी मराठी इंग्रजी अक्षरांतच टाईप करते, तुमच्यातले निम्मे करतात तसंच. त्यामुळे मराठी विभागात माझं नाव बघून होस्टेलमधे बऱ्याच जणी हसल्या असतील. हसू दे. पण हा लेख लिहायची वेळ ज्यांच्यामुळे आली ते आपले मेसचे मामा, आणि त्यांच्यासाठी एवढं तर करायलाच हवं होतं.

झालं असं की मामा या वर्षी रिटायर होणार. निरोपाला काय द्यायचं म्हणून विचारलं तर शाल नको, घड्याळ नको. म्हणाले की २००६ च्या कॉलेजच्या अंकात त्यांनी एक लेख लिहिला होता, तेवढा मिळाला तर बघा. डहाणूकडून आधी बोईसरला एमआयडीसीत कामाला आले, तिथून आचारी कसे झाले, याबद्दल लिहिलेला. त्यांची स्वतःची प्रत एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा गेली. लायब्ररीतल्या प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या. शेवटी ऑफिसच्या कपाटातून एक सीडी निघाली. त्यावर स्केच पेनने वर्ष लिहिलेलं. आम्हाला वाटलं, झालं काम!

पहिला प्रश्न, सीडी घालायची कुठे? आमच्या एकाही लॅपटॉपला सीडी ड्राईव्ह नाही. लॅबमधला एक म्हातारा पीसी सापडला. पेजमेकरची फाईल उघडलीच नाही, कारण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्यानंतर ते सॉफ्टवेअरच थांबलं. वर्डची फाईल मात्र उघडली. आणि आत काय, तर डोक्यावर टोपी घातलेले इंग्रजी ए, डॉलर, कंस, उलटे प्रश्नचिन्ह... पानंच्या पानं! मामा शेजारीच उभे होते. त्यांना वाटलं, आपण काही चुकीचं विचारलं.

मी कोळगावची. पालघर-बोईसर रस्त्यावर जिथे आता जिल्ह्याचं मुख्यालय आहे तिथली. पालघर स्टेशनजवळ एक डीटीपीवाले काका आहेत, आमच्या घरच्या सगळ्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे झाल्या. पेन ड्राईव्ह घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी माळ्याखालचा एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर चालू केला, विंडोज ९८ वाला. मागे प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल अडकवलेला, तो काढला की मराठीचं सॉफ्टवेअर चालूच होत नाही. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नसतं. जुने ग्राहक जुनी मॅटर घेऊन येतात म्हणून काकांनी हे मशीन जिवंत ठेवलंय. हार्ड डिस्क दोनदा बदलली, आणि जास्तीचा मदरबोर्ड भंगारवाल्याकडून घेऊन ठेवलाय. फाईल तिथेसुद्धा पटकन उघडली नाही, दोन-तीन फॉन्ट लावून बघावे लागले. मग एकदम त्या टोपीवाल्या ए-ची मराठी झाली. मामांचं नाव वर, खाली लेख.

म्हणजे लेख हरवलेला नव्हता. तो वाचणारं सॉफ्टवेअर हरवलं होतं.

त्या रात्री होस्टेलवर बसून मी यामागचं कारण शोधत होते आणि शोधता शोधता एका माणसाच्या आयुष्यात शिरले. आर. के. जोशी. रघुनाथ कृष्ण जोशी. तुम्ही कॉम्प्युटरवर मंगल नावाचा फॉन्ट पाहिला असेल, प्रोजेक्ट रिपोर्टच्या मराठी पानाला लावलाही असेल. तो ज्यांनी केला ते हे. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. आमच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमधे विचारलं, तिथेही फारसं कुणाला नव्हतं. कॅलिग्राफी करणाऱ्या एका सीनियरला विचारलं तर त्याने सरळ कानाला हात लावला, गवय्ये लावतात तसा.

जोशींचा जन्म १९३६ चा, कोल्हापूरचा. म्हणजे रंकाळ्याच्या, चित्रकारांच्या आणि सिनेमाच्या पोस्टरच्या गावचा. शिकायला मुंबईला जे.जे.मधे आले, कमर्शियल आर्टला. १९५६ साली, म्हणजे बरोब्बर माझ्या वयाचे असताना, डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत लागले. याच कंपनीच्या कलकत्त्याच्या ऑफिसात सत्यजित राय नोकरी करत होते. (मला हे वाचून उगीचच फार आनंद झाला.) पुढे उल्का ही नवी कंपनी निघाली तिथे ते गेले आणि वीसेक वर्षं आर्ट डायरेक्टर म्हणून राहिले.

आता जाहिरात म्हटलं की आपल्याला वाटतं साबण आणि टूथपेस्ट. पण त्या काळी जाहिरातीतलं अक्षर हातानेच काढायचे. इंग्रजीसाठी शेकडो तयार टाईप होते, देवनागरीसाठी मोजकेच. मराठी मथळा हवा असेल तर ब्रश घ्या आणि काढा. जोशींचा हात तिथे बसला. आणि हाताबरोबर डोकंही चालू होतं. ते कवी होते, आणि कविता कागदावर कशी दिसते यालाही कवितेचाच भाग मानायचे. अक्षरं पानावर पसरवून, एकावर एक चढवून, शब्दाचा आवाज डोळ्यांना दिसावा अशा कविता त्यांनी केल्या. मला त्यातल्या काही कळल्या, काही अजिबात कळल्या नाहीत, खोटं कशाला बोलू! शिवाय भारतातल्या सगळ्या भाषांना चालेल अशी एक समान लिपी त्यांनी मांडली होती, देशनागरी नावाची. ती कुठे वापरात आली नाही. पण बंगालीतला क, गुजरातीतला क आणि तमिळमधला क शेजारी शेजारी ठेवून त्यांची हाडं कुठे जुळतात हे बघायची सवय त्यांना लागली ती अशा कामातूनच असणार. तिचा उपयोग पुढे झाला.

१९८३ मधे ते पवईला आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमधे प्राध्यापक झाले. जाहिरातीतली मोठी नोकरी सोडून मास्तरकी. तिथे मुलांना कॅलिग्राफी, टायपोग्राफी शिकवायचे. पोथ्या, शिलालेख यांचा अभ्यास करायचे. माणूस पूर्ण हाताने काम करणारा, बोरू आणि ब्रशवाला. पण तो येऊन पडला इंजिनियरांच्या गावात, आणि नेमक्या त्याच वर्षांत जेव्हा हे इंजिनियर कॉम्प्युटरला भारतीय भाषा शिकवायच्या मागे लागले होते.

इथे थोडी टेक्निकल गोष्ट सांगायलाच हवी, कंटाळू नका.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाईट, म्हणजे एकूण २५६ जागा. त्यातल्या बऱ्याचशा इंग्रजीने आणि युरोपातल्या टोपीवाल्या अक्षरांनी आधीच अडवलेल्या. मग मराठी कुठे घालायची? ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला आणि मग पुण्याच्या सी-डॅकमधे जिस्ट नावाचं काम झालं, त्यातून इस्की हा भारतीय कोड आला. १९९१ मधे तो अधिकृत मानक झाला. पण छपाईच्या धंद्याला घाई होती. डीटीपीसाठी कंपन्यांनी सोपी युक्ती काढली. इंग्रजी फॉन्ट घ्यायचा, त्यातलं ए-चं चित्र पुसायचं, तिथे अर्ध्या क-चं चित्र ठेवायचं. बी पुसायचा, काना ठेवायचा. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी लिहिलंय, माणसाला दिसते मराठी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव... सगळ्यांची मूळ कल्पना हीच, पण कुठल्या जागी कुठला तुकडा हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा. एकाचं दुसऱ्याला वाचता यायचं नाही. तरी या युक्तीने महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं, पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं वर्षानुवर्षं छापलं गेलं. तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण फॉन्ट गेला की उरतात फक्त टोपीवाले ए. आमच्या सीडीचं हेच झालं होतं.

याला उत्तर युनिकोड. १९९१ मधे त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हाच देवनागरी त्यात होती, इस्कीच्या आधीच्या रचनेवरून घेतलेली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर. क म्हणजे २३२५, मग कॉम्प्युटर पालघरचा असो की पॅरिसचा. आणि एकदा दिलेला नंबर पुन्हा बदलायचा नाही, काढायचा नाही, हा त्यांचा नियमच आहे. देवनागरीला जागा मिळाल्या १२८.

इथे नीट लक्ष द्या. युनिकोड जोशींनी शोधलं नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण नुसत्या नंबरांनी काय होतंय? नंबर आहे, दिसायला काहीच नाही! क्ष ला स्वतःचा नंबर नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन नंबरांनी साठवला जातो, आणि पडद्यावर मात्र एकच घट्ट अक्षर दिसायला हवं. किती या शब्दात पहिली वेलांटी साठवायची क नंतर, दाखवायची क च्या आधी. धर्ममधला र साठवायचा म च्या आधी, दाखवायचा म च्या डोक्यावर. थोडं काम विंडोजने करायचं, बाकीचं फॉन्टने. म्हणजे फॉन्ट हा नुसता चित्रांचा संच राहिला नाही. त्याच्या पोटात नियमांचे तक्ते आले, कोण कोणाला भेटलं की काय होतं याचे. फॉन्ट म्हणजे सॉफ्टवेअरच झालं. आणि हे नियम सांगणार कोण? कोडिंग येणाऱ्याला द्ध आणि द्व मधला फरक माहीत नसतो, आणि माहीत असणाऱ्याला कोडिंग येत नाही.

जोशींची गाठ या कामाशी बऱ्याच आधी पडली होती. जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी संस्था होती. टीआयएफआरच्या कॉम्प्युटर विभागातून १९८५ मधे निघालेली, पुढे सी-डॅकमधे विलीन झालेली. तिथे अक्षरं आखायच्या विन्यास नावाच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी काम केलं. आयआयटीतून निवृत्त झाल्यावर तर ते एनसीएसटीतच जाऊन बसले. साठीचा माणूस! आपल्याकडे साठीला माणसं कॉम्प्युटरला हात लावायला घाबरतात, तो काळ तर नव्वदच्या दशकाचा. तिथे तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट केले. २००० साली विंडोज २००० आलं, त्यात देवनागरीसाठी मंगल होता आणि तमिळसाठी लता. मागून तेलुगूचा गौतमी, पंजाबीचा रावी, कन्नडचा तुंगा, गुजरातीचा श्रुती. यातली तीन नावं नद्यांची आहेत, बघा. वेगवेगळ्या लिप्या शेजारी ठेवून बघायची ती जुनी सवय इथे कामाला आली, असं मी समजते.

ब्रशने फटकारा मारणाऱ्या माणसाला हे काम कसं वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. तेव्हाचे पडदे जाडेभरडे, ठिपके मोठे. बारीक आकारात ध आणि घ वेगळे दिसायला हवेत, म आणि भ वेगळे दिसायला हवेत. तिथे फटकारा चालत नाही. तिथे प्रत्येक ठिपक्याचा हिशोब. मंगल दिसायला साधा आहे, जवळजवळ नीरस. सुंदर अक्षरासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने सगळ्यात जास्त लोकांसमोर ठेवलेलं अक्षर हे असं, स्वतःची सही नसलेलं.

मंगलला नावं ठेवणारेही खूप. ओळींमधे अंतर फार सोडतो (वर रफार, खाली उकार, सगळ्यांना जागा हवी म्हणून. आपल्या रिपोर्टची पानं वाढतात ते याच्यामुळेच, तेव्हा तक्रार करू नका). ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, आपल्या पाठ्यपुस्तकातला ल तसा नसतो. ही तक्रार मला पटते. कोल्हापूरच्या माणसाने केलेल्या फॉन्टमधे मराठी ल नाही, हे जरा लागतंच. पण एकाच फॉन्टमधे हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत सगळं बसवायचं होतं आणि वळण कुणाचं तरी एकाचंच घ्यावं लागणार होतं. गंमत म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांत सरकारी नोकरीच्या टायपिंग परीक्षेत मंगल की कृतिदेव असं विचारतात, आणि लाखो मुलं मंगलचा सराव करतात. तो कुणी केला हे त्यांनाही माहीत नसणार.

शेवटच्या वर्षांत ते वेदांच्या मागे लागले होते. वेद म्हणताना स्वर वर-खाली जातो त्याच्या खुणा अक्षराच्या वर, खाली, मधे असतात, आणि शाखेप्रमाणे बदलतात. पोथीत असलेली एखादी खूण कोडमधे नसेल तर ती कॉम्प्युटरवर येणारच नाही. या खुणांना युनिकोडमधे जागा मिळावी म्हणून त्यांची खटपट चालू होती. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला असतानाच ते गेले. दोनच महिन्यांनी, एप्रिल २००८ मधे युनिकोडची नवी आवृत्ती आली, त्यात मराठीला ॲ हे अक्षर मिळालं. ॲप, ॲसिड, ॲडमिशन नीट लिहायची सोय तेव्हा झाली! वैदिक खुणांचा वेगळा गट आला तो २००९ मधे. तो त्यांना बघायला मिळाला नाही.

आणि आता मंगलच जुना झालाय. विंडोज ८ पासून पडद्यावर निर्मला नावाचा नवा फॉन्ट आला. विंडोज १० मधे तर मंगलला मूळ सामानातून काढून जास्तीच्या फॉन्टच्या पेटीत टाकलं, हवा असेल तर मागून घ्या. मी एक प्रयोग केला. आमच्याकडे एका काकांनी २००३ मधे मंगलमधे टाईप केलेलं एक पत्र होतं, सोसायटीच्या पाण्याबद्दल भांडणाचं. नव्या लॅपटॉपवर मंगल न घालता ते उघडलं. सगळं भांडण जसंच्या तसं, निर्मलामधे! एक वेलांटी हलली नव्हती.

मामांचा लेख मात्र आधीच्या जमान्यातला, त्याला हे नशीब नव्हतं. काकांच्या मशीनवरून प्रिंट काढता आली असती, काढलीही. पण ते मशीन किती दिवस चालेल? म्हणून आम्ही तिघांनी काकांकडून त्या फॉन्टचा नकाशा उतरवून घेतला, कुठल्या इंग्रजी जागेवर कुठला तुकडा याचा, आणि पायथनमधे एक कन्व्हर्टर लिहिला. आधी वाटलं होतं एका रात्रीचं काम, नुसतं हे काढ आणि ते घाल. तीन आठवडे गेले. जुन्या फॉन्टमधे वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली, ती उचलून मागे न्यायची. पण कुठपर्यंत? स्थितीमधे स् सोडून थ च्याही पलीकडे. रफार नंतर आलेला, तो पुढे ओढायचा. जोशी सरांच्या फॉन्टला आणि विंडोजला जे सरळ करावं लागलं असेल ते आम्ही उलटं करत होतो. दुसऱ्या आठवड्यात मला क्ष स्वप्नात आला, खोटं नाही.

शेवटी सगळा अंक निघाला, मामांचा लेख धरून. मी मुद्दाम मराठी ल-श असलेला फॉन्ट लावला, चांगल्या कागदावर प्रिंट काढली आणि रविवारी दुपारी मेसमधे नेऊन दिली. मामांनी चष्मा लावला, हात पुसले आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. दुसऱ्या पानावर थांबले, आणि जोरात हसले.

आमच्या कन्व्हर्टरमधे एक चूक राहिली होती. मराठीत अर्धा र लिहायच्या दोन तऱ्हा आहेत, एक डोक्यावरचा रफार आणि एक आडवा, पापणीसारखा. हिंदीला तो पापणीवाला लागत नाही, म्हणून युनिकोडमधे त्यासाठी वेगळा ऱ घ्यावा लागतो, २३५३ नंबरचा. साधा र २३५२. आम्ही दोघांना एकच समजलो होतो. त्यामुळे मामांनी जिथे जिथे आचाऱ्यांना लिहिलं होतं तिथे तिथे आचार्यांना झालं होतं. मेसमधल्या आचार्यांना पहाटे चारला उठावं लागतं. आचार्यांना कांदा रडवत नाही, धूर रडवतो. पूर्ण लेखभर हेच!

मी लाजून तिथल्या तिथे प्रिंट परत मागितली, अर्ध्या तासात दुरुस्त करून आणते म्हटलं. मामांनी दिली नाही. नवी काढ, पण ही राहू दे म्हणाले. दुरुस्त केलेली या अंकात पान ३१ वर आहे. चुकलेली मेसच्या भिंतीवर, गॅसच्या शेगडीपासून लांब, फ्रेममधे लावलेली आहे.